लकी अली गेल्याची खोटी बातमी

४ मे २०२१. रमजानचा एकविसावा रोजा. असरची नमाज घरीच पढलो आणि पलंगावर मोबाईल घेऊन पडलो. तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुम्हालाही आठवत असतील. एकही ग्रुप असा नव्हता की जिथं मयतीची खबर नाही. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' एकाखाली एक पडत होतं. कोण कुणासाठी लिहितोय हे बघायला वर-वर जावं लागायचं. तेवढ्यात कुणीतरी एक फोटो टाकला. पांढरी दाढी, हातात गिटार. खाली लिहिलेलं, लकी अली कोरोनानं गेले.

मी उठून बसलो आणि मला रडू फुटलं. साधं रडू नाही, हुंदके. बायको स्वयंपाकघरात इफ्तारची तयारी करत होती, ती धावत आली. तिला वाटलं अम्मीला काही झालं. मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता पाण्याचा ग्लास आणायला वळली. मग तिलाच आठवलं की मी रोज्याला आहे. ती तशीच उभी राहिली.

ती काय विचार करत असेल हे मला कळत होतं. दहाच दिवस आधी, २४ एप्रिलला, मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मोमिनपुऱ्याच्या कब्रस्तानात माती दिली होती. तेव्हा माझ्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता. आणि आता ज्याला मी आयुष्यात एकदाही भेटलो नाही, त्या गायकासाठी हा माणूस ओक्साबोक्शी रडतोय!

आज इतक्या दिवसांनी त्या रडण्याचा हिशेब मांडायचा आहे. गाणं ऐकणं चूक की बरोबर, हा वाद इथं नको. तो आमच्या घरात तीस वर्षं झाला, दोन्ही बाजूंची माणसं माझ्या जिवाची होती.

*

भाईजान माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. अब्बा मागावर कापड विणायचे. मोमिनपुऱ्यातल्या कितीतरी घरांसारखंच आमचंही विणकरांचं घर. पहाटेपासून मागाची खटखट, तोच आमचा पहिला ताल. भाईजान आयटीआय झाले आणि त्यांनी रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंगची इस्त्री, पत्र्याच्या डब्यात स्क्रू आणि भिंतीला दोन स्पीकर. दुरुस्त झालेला टेप नीट वाजतो की नाही हे बघायला कॅसेट लावावीच लागायची. अब्बांनी विचारलं, "दिनभर गाने क्यों बजते तेरे यहाँ?" की भाईजान म्हणायचे, "अब्बा, टेस्टिंग चालू है." ही टेस्टिंग पंधरा वर्षं चालली.

आमच्या कानांवरचे संस्कार असे मिश्र होते. ताजबागच्या उर्सात रात्रभर कव्वाली. घरात रेडिओवर रफीसाहेब. दुकानात नदीम-श्रवण, कारण १९९० च्या 'आशिकी'नंतर गिऱ्हाईक दुसरं काही मागतच नव्हतं. आणि १९९६ साली या सगळ्यांत एक वेगळाच आवाज आला.

मी तेव्हा अठराचा. भाईजान एका संध्याकाळी सीताबर्डीहून आले आणि म्हणाले, "बैठ. कुछ मत बोल. सुन." कॅसेटचं नावही तेच होतं, 'सुनो'. लकी अलीची पहिली कॅसेट. 'ओ सनम' सुरू झालं आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. हा माणूस गात होता की बोलत होता? ना तो उंच पट्टीत जात होता, ना तान घेत होता. आवाज थोडा घोगरा, थोडा थकलेला, जणू लांबचा प्रवास करून आलाय आणि अंगणात खाटेवर बसून आपल्याशीच काही सांगतोय. पुढं शेजाऱ्यांच्या केबलवर व्हिडिओ बघितला. इजिप्तचं वाळवंट, पिरॅमिड आणि हा लांब पावलं टाकत चाललेला माणूस. मोमिनपुऱ्याच्या अडीच फुटांच्या बोळात राहणाऱ्या पोराला त्या मोकळ्या वाळूचं काय वाटलं असेल, ते मी सांगून तुम्हाला कळणार नाही.

तो मेहमूदचा मुलगा हे कळलं तेव्हा अम्मीलाही थोडा इंटरेस्ट आला. 'पडोसन'मधला मेहमूद तिला पाठ. आणि मीनाकुमारी त्याची सख्खी खाला, हे कळल्यावर ती म्हणाली, "तभी. आवाज में दुख है." अम्मीनं संगीतावर केलेली ती पहिली आणि शेवटची टीका.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा कधी जाणवली नाही. आम्ही त्याला आमच्यासारखाच तरुण समजत होतो. खरं तर त्याचा जन्म १९५८ चा. म्हणजे 'सुनो' आली तेव्हा तो अडतिशीला पोचला होता. त्याआधी त्यानं घोडे पाळले होते, समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर काम केलं होतं. ज्या वयात आमच्या मोहल्ल्यातली माणसं मुलीच्या लग्नाचा विचार करतात, त्या वयात त्याची पहिली कॅसेट आली. आम्ही ज्याला तारुण्याचा आवाज म्हणून कवटाळला, तो मुळात चाळिशीच्या उंबऱ्यावरचा आवाज होता. म्हणूनच कदाचित तो आमच्यासोबत म्हातारा होत गेला नाही. तो आधीच पुढं जाऊन आमची वाट बघत थांबला होता.

*

१९९८ साली त्याची दुसरी कॅसेट आली, 'सिफर'. उर्दूचा मास्तर असल्यामुळं इथं थोडं थांबतो. सिफर म्हणजे शून्य. आपल्याकडचं 'शून्य' अरबांनी घेतलं, त्याला आपल्या भाषेत 'सिफ्र' म्हटलं, तिथून ते युरोपात गेलं आणि फिरत-फिरत 'झिरो' होऊन आपल्याकडं परत आलं. मी वर्गात ही गोष्ट सांगतो आणि विचारतो, सांगा, शून्य कुणाचं? मुलं म्हणतात, "सर, सबका." आणि आपलं नागपूर तर झिरो माईलचंच गाव. त्या दगडाशेजारून रोज हजारो माणसं जातात. जवळच गोवारी शहिदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. मी तेव्हा सोळा वर्षांचा. माझ्या शहरात एका संध्याकाळी इतकी माणसं मरू शकतात, हे पहिल्यांदा तेव्हा कळलं. भाईजाननं त्या दिवशी दुकानातले स्पीकर बंद ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पण ही सवय मी त्यांच्याकडूनच घेतली. जिथं दुःख आहे तिथं आधी आवाज बंद करायचा.

'सिफर' आली त्याच सुमारास आमच्याकडं आणखी एक कॅसेट आली होती, 'जुनून' या पाकिस्तानी बँडची. तिचं नाव 'आझादी'. 'सयोनी' हे त्यातलं गाणं तेव्हा आपल्याकडं टीव्हीवर दिवसातून दहादा लागायचं. हिंदू-मुसलमान सगळीच पोरं ते गुणगुणायची. सलमान अहमदची गिटार, अली अझमतचा खणखणीत आवाज, आणि बेस वाजवणारा चक्क एक अमेरिकन, ब्रायन ओकॉनेल. लोक त्याला सूफी रॉक म्हणायचे. आम्हाला ती ताजबागची कव्वालीच वाटायची, फक्त विजेची. त्यांच्या सरकारनं मात्र त्यांना सरकारी टीव्हीवर बंदी घातली. दोन्ही देश अणुचाचण्यांवर छाती फुगवून होते आणि ही मंडळी शांततेचं बोलत होती, ते वरच्यांना आवडलं नाही.

मग १९९९ चा उन्हाळा आला आणि कारगिल सुरू झालं. नागपूर स्टेशनवरून जवानांच्या गाड्या जायच्या. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही पाण्याचे पाऊच आणि बिस्किटं घेऊन फलाटावर गेली होती, मीही त्यात होतो. संध्याकाळी घरी आलो तर अब्बा दुकानातल्या कॅसेटी एक-एक करून बघत होते. त्यांच्या हातात ती कॅसेट. कव्हरवर 'आझादी' आणि खाली पाकिस्तानी नावं.

"ये घर में नहीं रहेगी," अब्बा म्हणाले.

मी म्हणालो, "अब्बा, अहो पूर्ण हिंदुस्थान ऐकतो हे गाणं."

अब्बा म्हणाले, "पूरा हिंदुस्तान सुने. हम नहीं सुन सकते."

या वाक्याला उत्तर नव्हतं. आजही नाही. भाईजाननं शांतपणे ती कॅसेट घेतली, कव्हर फाडून चुलीत टाकलं आणि कॅसेट 'सिफर'च्या डबीत ठेवली. 'सिफर' उघडीच राहिली. नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडं 'जुनून' ऐकायचं असेल तर लकी अलीची डबी उघडावी लागायची. भाईजान हसून म्हणायचे, "लकीने पनाह दी है." त्यांनी आसरा दिला होता एका टेपला. पण आम्ही दोघंही जाणून होतो की लपवली होती ती आमची भीती होती.

*

माणूस बदलतो. भाईजानही बदलले. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या, मोबाईल आले. टेप दुरुस्तीला कुणी येईना. त्यांनी मिक्सर, पंखे, मोबाईल चार्जर असं काय-काय सुरू केलं. चाळिशीच्या आसपास ते अधूनमधून तीन दिवसांच्या जमातीत जायला लागले. दाढी वाढवली. एका दिवशी बुटाच्या खोक्यात भरलेल्या सगळ्या कॅसेटी माझ्या घरी आणून दिल्या. म्हणाले, "मैंने छोड़ दिया. तू देख तेरा क्या करना है. फेंकना मत."

मला राग आला होता. आमच्यातलं सगळ्यात जुनं नातं त्यांनी एका खोक्यात भरून परत केलं असं वाटलं. मी बीएड होऊन नोकरीला लागलेला, चार पुस्तकं वाचलेला. मी त्यांच्याशी इस्लाम आणि मौसिकीवर हुज्जत घालायचो. अमीर खुसरो आणायचो, चिश्ती सिलसिला आणायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू सही होगा. मेरा दिल अब उधर नहीं लगता, बस." 'फेकू नकोस' असं ते का म्हणाले, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आता विचारायला माणूस नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि दिल्लीच्या मरकजची बातमी आली. भाईजान त्या वर्षी दिल्लीला गेलेही नव्हते. पण दाढी, टोपी आणि मोमिनपुऱ्याचा पत्ता एवढं पुरेसं होतं. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे नागपूरचे हॉटस्पॉट ठरले. रस्त्यांवर पत्रे लागले, घरंच्या घरं विलगीकरणात गेली. टीव्हीवर दिवसभर आमच्याच मोहल्ल्याचं नाव. भाईजान ज्यांच्या घरी वीस वर्षं पंखे दुरुस्त करायला जात होते, त्यातल्या एका काकूंनी लॉकडाऊन उठल्यावर फोनवर सांगितलं, "सध्या नको येऊ रे बाबा, घरात म्हातारी माणसं आहेत." त्यांना वाईट म्हणायचं नाही. भीती सगळ्यांनाच होती. पण शेजारच्या गल्लीतला दुसरा मेकॅनिक त्यांच्याकडं जात होता, हे भाईजानला कळत होतं.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जमातीच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं निरीक्षण नोंदवलं. पुढच्याच महिन्यात नागपूर खंडपीठानंही म्यानमारच्या नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. मी निकालाची बातमी भाईजानला वाचून दाखवली. मराठीत होती, मी उर्दूत सांगत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो काकूने पढ़ा होगा क्या?"

*

२०२० च्या अखेरीस तो व्हिडिओ आला. तुम्हीही बघितला असेल. गोव्यातलं हरमल, ज्याला आता सगळे आरंबोल म्हणतात. एका बागेत लकी अली बसलाय. अभिनेत्री नफीसा अली यांनी तो टाकला होता. बासष्ट वर्षांचा माणूस, दाढी पांढरी झालेली, केस विरळ, हातात गिटार. आणि तो 'ओ सनम' गातोय. चौविसेक वर्षं झाली होती त्या गाण्याला. आवाज थोडा खाली आलेला, श्वास मधे-मधे तुटत होता, पण ते गाणं त्या आवाजात जास्त खरं वाटत होतं. लाखो लोकांनी तो बघितला. वर्षभर घरात कोंडलेल्या, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं माणूस गेलेलं, अशा देशाला त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या आवाजात काय सापडलं असेल?

मला वाटतं, तरुणपणाच्या आवडत्या गायकाला म्हातारा झालेला बघणं म्हणजे आरशात बघण्यापेक्षा सोपं असतं. आपलं वय आपण कबूल करत नाही, त्याचं करतो. आणि मग हळूच लक्षात येतं, अरे, मधली सगळी वर्षं आपलीही गेली आहेत. पण एक दिलासाही असतो. तो आहे. अजून गातोय. म्हणजे तेव्हाचं सगळंच संपलेलं नाही.

मी तो व्हिडिओ घेऊन भाईजानच्या दुकानात गेलो. थोडा खोडसाळपणाच होता माझा. म्हटलं, "देखो तो." त्यांनी चष्मा लावला. मी आवाज कमी ठेवला होता. त्यांनीच बटण दाबून वाढवला. पूर्ण बघितला. मग मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "दाढ़ी तो अपने जैसीच है रे."

एवढंच. पुन्हा पंख्याच्या कॉइलकडं वळले. मी बाहेर निघालो तेव्हा ते गुणगुणत होते. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते थांबले असते.

*

एप्रिल २०२१ बद्दल फार लिहीत नाही. जे नागपुरात होते त्यांना सांगायची गरज नाही आणि जे नव्हते त्यांना सांगता येत नाही. जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांवर रुग्ण निघत होते. बेड नाही, ऑक्सिजन नाही, इंजेक्शन नाही. भाईजानला रमजानच्या चार दिवस आधी ताप आला. ऑक्सिजन ८५ वर आल्यावर आम्ही त्यांना ऑटोत घालून फिरलो. पाचव्या दवाखान्यात जागा मिळाली. ती कशी मिळाली, किती पैसे गेले, ते आता राहू द्या.

त्या महिन्यात गाणारी-वाजवणारी माणसंही पटापट गेली. २१ एप्रिलला जयपूरचे कव्वाल फरीद साबरी. 'हिना'मधली त्यांची कव्वाली आमच्या दुकानात फार वाजायची. २२ तारखेला मुंबईत श्रवण राठोड, म्हणजे नदीम-श्रवणमधला श्रवण. तो कुंभमेळ्याहून परतल्यावर आजारी पडला होता. म्हणजे आदल्या वर्षी मरकज आणि या वर्षी कुंभ. विषाणूला दोन्ही सारखेच. कुंभाला जाणाऱ्यावर मला राग आला नाही. श्रद्धेनं गेलेल्या माणसाची चूक मोजताना कोणतं माप वापरलं जातं हे आम्ही वर्षभर भोगलं होतं, तेच माप दुसऱ्याला लावायची इच्छा नव्हती. २५ तारखेला दिल्लीत बनारस घराण्याचे पंडित राजन मिश्र गेले. त्यांच्यासाठीही व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला नाही. जगभर हेच चाललं होतं. पहिल्याच लाटेत अमेरिकेत जॉन प्राइन गेला होता, फ्रान्समध्ये कॅमेरूनचा सॅक्सोफोनवाला मनू दिबांगो. फुप्फुसांचा आजार होता तो. ज्यांचं सगळं आयुष्य श्वासावर उभं होतं, त्यांचाच श्वास त्यानं धरला.

याच दिवसांत नागपुरातले वाहतूकदार प्यारे खान ऑक्सिजनचे टँकर मागवून दवाखान्यांना देत होते. ८५ लाख रुपये त्यांनी खर्च केल्याचं आणि ही आपली जकात समजा असं म्हटल्याचं पेपरात आलं. ताजबागच्या वस्तीत वाढलेला, स्टेशनबाहेर संत्री विकलेला, ऑटो चालवलेला आणि एके काळी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलेला माणूस. मी ही बातमी भाईजानला सांगायची ठरवली होती. ऑर्केस्ट्राचं ऐकून ते नक्की काहीतरी बोलले असते. २३ तारखेला संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला, पण तोंडावर मास्क होता आणि मशीनचा आवाज. ते हात हलवत होते. मला वाटलं बोलावतायत. नर्स म्हणाली, "आवाज कम करो बोल रहे हैं." माझ्या खोलीत टीव्ही चालू होता. मी बंद केला. त्यांनी अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला.

कब्रस्तानात मोजकी माणसं. गुस्ल नाही, शेवटचं तोंड बघणं नाही. किट घातलेल्या मोहल्ल्यातल्याच चार पोरांनी उतरवलं. ती पोरं सकाळपासून रोज्यात, त्या प्लास्टिकच्या आत, नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात उभी होती. मी लांबून माती टाकली. रडलो नाही. अम्मीला सांभाळायचं होतं, भाभीला, त्यांच्या मुलाला. दवाखान्याचं बिल होतं, मृत्यूचा दाखला होता. ऑनलाइन तासही घ्यायचे होते.

*

म्हणून ४ मे. खबर आली तेव्हा जे फुटलं ते लकी अलीसाठी नव्हतं, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. म्हणजे त्याच्यासाठीही होतंच. पण मुख्य म्हणजे, भाईजान गेल्यावर ज्या एका माणसात मी त्यांना अजून ऐकू शकलो असतो, तोही गेला असं वाटलं.

इफ्तारनंतर खुलासा आला. नफीसा अलींनी सांगितलं की ते ठणठणीत आहेत, आपल्या शेतावर आहेत. पुढं खुद्द लकी अलींनीही मजेत कळवलं की मी जिवंत आहे, बरा आहे, आणि छान आराम करतोय.

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि हसता-हसता मनात एक वेडा विचार येऊन गेला, की एक खबर खोटी निघाली, तर दुसरीही निघू शकते. दवाखान्यातून फोन येईल, चूक झाली, तुमचे भाऊ चार नंबरच्या वॉर्डात आहेत, येऊन घेऊन जा. आम्ही तोंड कुठं बघितलं होतं? हा विचार मी कुणालाच सांगितला नाही. पुढं शाळेत बोलताना कळलं की अशा प्रकारे निरोप न घेता माणूस गमावलेल्या कितीतरी जणांना तो येऊन गेला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मोबाईलवरच. माझ्या वर्गात आई किंवा वडील गेलेली मुलं होती. निबंधाचा विषय दिला, 'मला आठवणारा एक आवाज'. उर्दू माध्यमाची मुलं, मराठीत लिहिताना अडखळतात, पण त्या दिवशी कुणी अडखळलं नाही. एका मुलीनं लिहिलं, अब्बू बाईकचा हॉर्न दोनदा वाजवायचे, मग मी दार उघडायची, आता कुणीही दोनदा हॉर्न वाजवला की मी दारापर्यंत जाते. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी एकही लाल केली नाही.

*

गेल्या रमजानआधी पुतण्या घरी आला. आता तोच दुकान बघतो. म्हणाला, "चाचा, अब्बू का पुराना टेप मैंने ठीक कर दिया. वो कैसेट का डिब्बा है ना तुम्हारे पास?" मी कपाटावरून बुटाचं खोकं काढलं. त्यानं 'सिफर'ची डबी उचलली. मी काही बोललो नाही. त्यानं कॅसेट घातली आणि लकी अलीऐवजी 'जुनून' सुरू झालं. टेप ताणला गेलेला, आवाज जाड आणि संथ येत होता, जणू गाणारेही आमच्यासारखेच म्हातारे झालेत. पुतण्यानं डबी उलटसुलट करून बघितली. "चाचा, ये तो गलत कैसेट है."

मग मी त्याला १९९९ ची सगळी गोष्ट सांगितली. अब्बांचं वाक्य सांगितलं. त्यानं विचारलं, "अभी भी छुपा के रखना क्या?" बाविशीच्या पोराला काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना. मी म्हटलं, "डबीवर नाव लिहून ठेव." त्यानं स्केचपेन घेतलं आणि 'सिफर'वर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलं, 'यात जुनून आहे'.

अम्मी आत तस्बीह घेऊन बसली होती. म्हणाली, "गाने सुन के उसको सवाब नहीं मिलता बेटा. फातिहा पढ़ो." खरं आहे तिचं. आम्ही टेप बंद केला, वजू केला आणि दोघांनी फातिहा पढला. भाईजाननं गाणं सोडलं होतं, आणि त्यांची निवड मी आता मान्य केली आहे. पण 'फेंकना मत' हेही त्यांचेच शब्द होते. ते मी पाळतो.

लकी अली अजून गातो. २०२४ मध्ये 'दो और दो प्यार' या सिनेमात त्याचं गाणं आलं. सहासष्टीला टेकलेला आवाज. एक दिवस त्याचीही खरी खबर येईल, जशी सगळ्यांची येणार आहे. तोवर कुणी फोटोखाली काहीबाही लिहून पाठवलं तर लगेच पुढं ढकलू नका, एवढी विनंती. पलीकडं कुणाच्या घरी काय साठून राहिलंय, ते आपल्याला माहीत नसतं.